बेस्लानच्या शाळेतील तीन दिवस आणि नंतरची वर्षे



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजेरजवाड्यांच्या सनावळ्या उभ्या राहतात. शाळेलाही इतिहास असू शकतो हे सहसा ध्यानात येत नाही. आज आपणांस एका शाळेचा इतिहास सांगावयाचा आहे. तो सुखाचा नाही. विशेषतः ज्या घरी शाळेत जाणारी लहान मुले आहेत, तेथे तो वाचताना हात थबकेल. तरीही तो वाचावा अशी विनंती आहे, कारण त्या शाळेत जे घडले त्याहून, ते घडल्यानंतर तेथील आयांनी जे केले ते आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

रशियाच्या दक्षिण सीमेवर कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी उत्तर ओसेतिया नावाचे छोटे प्रजासत्ताक आहे. तेथे बेस्लान हे सुमारे ३५ हजार वस्तीचे गाव. ओसेतियन लोक बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत, परंतु त्यांच्यात मुसलमानही आहेत. गावातील पहिल्या क्रमांकाची शाळा शंभर वर्षांहून जुनी होती. आजोबा, बाप आणि नातू एकाच इमारतीत शिकले, अशी कुटुंबे तेथे पुष्कळ होती.

रशियात १ सप्टेंबर हा शाळेचा पहिला दिवस. त्याला ‘ज्ञान दिन’ म्हणतात आणि तो सणासारखा पाळतात. मुली केसांना पांढरे मोठे फीत बांधतात, मुले शिक्षकांसाठी फुले आणतात, आईबाप, आजीआजोबा व कडेवरची भावंडे असे सारे कुटुंब पटांगणात जमते. एखादा वरच्या वर्गातला मुलगा पहिलीतल्या चिमुरडीला खांद्यावर घेऊन फिरतो आणि ती वर्षाची पहिली घंटा वाजवते. २००४ च्या १ सप्टेंबरला सकाळी नऊच्या सुमारास बेस्लानच्या पटांगणात असाच मेळा भरला होता. इतक्यात एक लष्करी धाटणीचा ट्रक आला आणि त्यातून बंदूकधारी उतरले. पहिल्या क्षणी पुष्कळांना तो सणाचा एखादा खेळ वाटला. मग हवेत गोळ्या सुटल्या. काही जण पळून निसटले. उरलेल्यांना गुरांसारखे हाकत इमारतीत नेण्यात आले आणि शाळेच्या व्यायामशाळेत कोंबण्यात आले.

ती व्यायामशाळा सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. आपल्या शाळेचे सभागृह डोळ्यांपुढे आणा आणि त्यात अकराशेहून अधिक माणसे बसवून पाहा. नंतर निश्चित झालेला आकडा ११२८ असा आहे. पाय पसरावयास जागा नव्हती. बास्केटबॉलच्या दोन कड्यांमध्ये तार ताणून तिला बाँब टांगले होते, जमिनीवरही बाँब मांडले होते, आणि एक अतिरेकी स्फोटाच्या कळीवर पाय ठेवून बसलेला असे. पहिल्याच दिवशी धडधाकट पुरुषांना वेगळे काढण्यात आले. त्यांतील अनेकांना गोळ्या घालून त्यांची प्रेते खिडकीतून बाहेर टाकली गेली.

हे लोक कोण होते? त्यांना पाठविणारा होता चेचेन बंडखोरांचा सेनानी शामिल बसायेव. त्याने दोन आठवड्यांनी स्वतःच तसे जाहीर केले. मागणी अशी की, रशियन फौजांनी चेचन्यातून निघून जावे आणि चेचन्याचे स्वातंत्र्य मान्य करावे. येथे थोडे थांबणे अवश्य आहे. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टालिनने चेचेन आणि इंगुश या दोन्ही मुसलमान जमातींना घरादारासकट उचलून मध्य आशियात हद्दपार केले. वाटेत आणि तेथील थंडीत फार मोठ्या संख्येने माणसे मेली. १३ वर्षांनी त्यांना परतता आले, परंतु इंगुशांचा एक तालुका तोवर उत्तर ओसेतियाला जोडला गेला होता. त्यावरून १९९२ मध्ये ओसेतियन आणि इंगुश यांच्यात रक्तपात झाला. चेचन्यात १९९४ पासून दोन युद्धे झाली आणि ग्रोझनी हे राजधानीचे शहर बाँबवर्षावात भुईसपाट झाले. या जुलमाची हकीकत वाचून आपल्यापैकी कित्येकांना चेचेन लोकांविषयी कळवळा वाटला असेल. तो कळवळा खोटा नाही.

परंतु बंदूक रोखली गेली ती पहिलीतल्या मुलावर. स्त्रिया आणि मुले यांच्यावर युद्धातही हात उचलू नये, ही शिकवण आपल्या घरातल्या अडाणी आजीलाही माहीत असते. ज्यांनी दीनाचे नाव घेऊन ती पायदळी तुडविली, त्यांनी चेचेन लोकांच्या न्याय्य तक्रारीचेही कायमचे नुकसान केले. बसायेवच्या गटाबाहेरचे चेचेन नेते अस्लान मस्खादोव यांनी या कृत्याचा निषेध केला. जगाने तो ऐकला नाही, आणि ऐकला असता तरी त्या दिवशी कुणाला त्याचा उपयोग नव्हता.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. आत किती माणसे आहेत हे सरकारने जाहीर केले. आकडा दिला ३५४.

पालकहो, आपण शाळेशी संबंधित माणसे आहोत. शाळेत दिवसाचे पहिले काम हजेरीचे. सुमारे नऊशे विद्यार्थ्यांची शाळा, तिचा पहिला दिवस, सोबत आईबाप आणि भावंडे. आत ३५४ माणसे असणे शक्य नाही, हे शाळेच्या शिपायालाही सांगता आले असते. बाहेर जमलेल्या नातेवाईकांनी आपापल्या माणसांची नावे दिली होती. आकडा कितीतरी मोठा आहे, असे लोक ओरडून सांगत होते. तरी दूरचित्रवाणीवर ३५४ हाच आकडा पुनःपुन्हा येत राहिला.

आत अतिरेक्यांनी तो ऐकला. सुटून आलेल्या अनेकांनी नंतर साक्षीत सांगितले, की त्या आकड्यानंतर अतिरेकी भडकले. तुमच्या सरकारला तुमची पर्वा नाही, आता तुम्हाला तेवढेच करून ठेवू, असे ते म्हणू लागले. पाणी बंद झाले. सप्टेंबरच्या उकाड्यात मुलांनी अंगावरचे कपडे काढून टाकले. कुणी सणासाठी आणलेल्या फुलांच्या पाकळ्या चघळल्या. शेवटी मुले स्वतःचे मूत्र पिऊ लागली. याहून अधिक वर्णन करण्याची लेखणीला इच्छा नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २ सप्टेंबरला, एक माणूस एकटा त्या इमारतीत गेला. त्याचे नाव रुस्लान आउशेव. तो इंगुश, मुसलमान, इंगुशेतियाचा माजी राष्ट्राध्यक्ष आणि अफगाण युद्धात ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सन्मान मिळविलेला सेनाधिकारी. तो आत गेला, बोलला आणि २६ जणांना बाहेर घेऊन आला. ती सारी तान्ही बाळे आणि त्यांच्या आया होत्या. त्यांत एका आईची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्यापाशी काही महिन्यांचे बाळ होते आणि आत तिची आणखी दोन मुले बसली होती. बाळ घेऊन तू जा, मोठी मुले येथेच राहतील, असे तिला सांगण्यात आले. तिने बाळ दाराशी दुसऱ्याच्या हाती दिले आणि ती आत मुलांकडे परत गेली. बाळ वाचले. ती आणि तिची थोरली मुलगी वाचल्या नाहीत.

त्याच व्यायामशाळेत तिचे शिक्षक इव्हान कानिदी हेही होते. वय ७४. त्यांना वयाकडे पाहून बाहेर जाण्याची मुभा देण्यात आली होती, ती त्यांनी नाकारली. माझी मुले येथे आहेत, असा त्यांचा आशय होता. ते तेथेच मेले.

३ सप्टेंबरला दुपारी एक वाजून पाच मिनिटांच्या सुमारास व्यायामशाळेत लागोपाठ दोन स्फोट झाले. भिंत फुटली, मुले बाहेर पळू लागली, त्यांच्यावर आतून गोळीबार झाला, बाहेरच्या फौजांनी हल्ला चढविला आणि छताला आग लागली. जळते छत खाली ओलिसांवर पडत होते. आग विझविण्यास दोन तासांहून अधिक उशीर झाला. गावकरी आपल्या मोटारींतून रक्ताळलेली मुले रुग्णालयात नेत होते. या हल्ल्यात एकूण ३३४ माणसे मेली. त्यांत ३१८ ओलीस होते आणि त्यांतली १८६ मुले होती. मुलांना वाचविताना विशेष दलांचे दहा जवानही मेले. कित्येकांनी मुलांना आपल्या अंगाखाली घेतले होते. जखमी ७०० हून अधिक. अतिरेक्यांपैकी एकच जिवंत सापडला. त्याला २००६ मध्ये जन्मठेप झाली.

कित्येक प्रेते ओळखण्यापलीकडे गेली होती. रक्ताची तपासणी करून त्यांची ओळख पटवावी लागली आणि काही घरांना आपले मूल हाती लागावयास आठवडे, महिने थांबावे लागले. गावाबाहेर नवी दफनभूमी झाली. तिला लोक ‘देवदूतांचे नगर’ म्हणतात. रांगेने लाल दगडाच्या कबरी, त्यावर मुलांची छायाचित्रे आणि साऱ्यांवर तारीख एकच.

ओसेतियात चाळीस दिवसांचा शोक पाळतात. तो संपला की ओसेतियन लोक इंगुशांवर सूड उगवतील, अशी भीती साऱ्या कॉकेशसमध्ये पसरली होती. अतिरेक्यांत इंगुश पुष्कळ होते, १९९२ चे वैर ताजे होते आणि हत्यारे घरोघरी होती. चाळीस दिवस झाले. सूड उगवला गेला नाही. ज्यांच्या घरातून पोर गेले होते, त्यांनीच शेजाऱ्याच्या पोरावर हात उचलला नाही. बसायेवला जे हवे होते असे पुष्कळांना वाटते, ते दुसरे कॉकेशस युद्ध बेस्लानने त्याला दिले नाही. वर्तमानपत्रांनी या गोष्टीची फारशी दखल घेतली नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचे छायाचित्र छापता येत नाही.

मॉस्कोत मात्र बरेच काही घडले. १३ सप्टेंबर २००४ रोजी राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी जाहीर केले की, यापुढे प्रांतांच्या प्रमुखांची निवड लोकांच्या थेट मतदानाने होणार नाही. डिसेंबरात तसा कायदा झाला. शाळेवरील हल्ला आणि प्रांतातील मतदान यांचा संबंध काय, हे पुष्कळांना तेव्हाही कळले नाही. २००६ मध्ये दहशतवादविरोधी नवा कायदा आला. ‘इझ्वेस्तिया’ या दैनिकाने बेस्लानची भयंकर छायाचित्रे पानभर छापली, तेव्हा त्याच्या संपादकाला जावे लागले. चेचन्याची सत्यकथा लिहिणाऱ्या पत्रकार आन्ना पोलितकोव्स्काया बेस्लानला निघाल्या असता विमानात चहा प्याल्या आणि बेशुद्ध पडल्या. त्या तेथे पोहोचल्याच नाहीत. ७ ऑक्टोबर २००६ रोजी मॉस्कोत त्यांची हत्या झाली.

असो. आता बेस्लानच्या आयांकडे वळू.

त्या राजकारणी नव्हत्या. कुणी शिक्षिका, कुणी परिचारिका, कुणी गृहिणी. त्यांनी ‘बेस्लानच्या माता’ ही समिती काढली. पुढे मतभेद होऊन ‘बेस्लानचा आवाज’ ही दुसरी संघटना निघाली. आयांतही भांडणे झाली, हे लपविण्याचे कारण नाही. दुःख माणसाला नेहमी शहाणेच करते असे नव्हे. गावात आणखीही वाईट झाले. उन्हाळ्यात शाळेची डागडुजी झाली तेव्हाच फरशीखाली हत्यारे लपविली होती, अशी आवई उठली आणि लोकांनी वयोवृद्ध मुख्याध्यापिकेकडे बोट दाखविले. ती स्वतः ओलीस होती व जखमी झाली होती. तरी तिला गावात मान वर करणे कठीण झाले. कुणी दोषी सापडत नाही, तेव्हा माणसे जवळचा दोषी शोधतात.

परंतु या बायकांनी प्रश्न विचारणे सोडले नाही. त्यांचे प्रश्न साधे होते. आमची मुले आत असताना शाळेवर रणगाड्याच्या तोफा का डागल्या? आगीचे गोळे फेकणारी शस्त्रे वापरली का? पाणी मारावयास इतका उशीर का झाला? आणि ३५४ हा आकडा कुठून आला? पहिले उत्तर मिळाले, की अशी शस्त्रे वापरलीच नाहीत. मग गावकऱ्यांनी आजूबाजूच्या घरांच्या छपरांवर सापडलेली त्या शस्त्रांची रिकामी नळकांडी आणून दाखविली. सरकारी वकिलांना वापर कबूल करावा लागला. शाळेतला ढिगारा उचलून गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकण्यात आला होता. त्यात मुलांचे कपडे आणि वह्या आढळल्या. ज्या खोलीतला प्रत्येक खडा पुरावा म्हणून जपावयास हवा होता, तिची अशी वासलात लागली. घडले ते तपासण्यासाठी संसदेची समिती नेमली गेली. तिचा निष्कर्ष सरकारला सोयीचा होता. परंतु त्याच समितीतील एक सभासद, स्फोटशास्त्राचे जाणकार युरी सावेल्येव, यांनी सही न करता स्वतःचा जाडजूड अहवाल लिहिला. पहिले स्फोट आतल्या बाँबचे नसून बाहेरून झालेल्या माऱ्याचे होते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद मिटलेला नाही.

बंदोबस्तात हयगय केल्याबद्दल स्थानिक पोलिसांतील तीन अधिकाऱ्यांवर खटला भरण्यात आला. २००७ मध्ये त्यांना माफीच्या कायद्याखाली सोडून देण्यात आले. तेव्हा बायकांनी न्यायालयाच्या दालनात खुर्च्या उलथ्यापालथ्या केल्या, काचा फोडल्या. वरच्या अधिकाऱ्यांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही.

देशात दाद लागत नाही असे दिसताच त्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. एकूण ४०९ अर्जदार. निकाल १३ एप्रिल २०१७ रोजी लागला, म्हणजे पहिलीतल्या मुलाने शाळा पुरी करून महाविद्यालयात जावे इतका काळ लोटल्यावर. न्यायालयाने सांगितले की, शाळांच्या पहिल्या दिवसाच्या सुमारास त्या भागात हल्ला होणार, अशी पुरेशी ठोस माहिती अधिकाऱ्यांपाशी काही दिवस आधी होती. तरी बंदोबस्त वाढविला नाही आणि शाळेला सावध केले नाही. सुटकेच्या मोहिमेला नीट नेतृत्व नव्हते. आत ओलीस असताना रणगाड्याची तोफ, ग्रेनेड लाँचर आणि आगीची शस्त्रे वापरणे हा जगण्याच्या हक्काचा भंग होता. सरकारने जवळजवळ ३० लाख युरो भरपाई द्यावी. क्रेमलिनने निकालातील भाषा अमान्य असल्याचे सांगितले, अपील केले, आणि तेही फेटाळले गेले. पुढे २०२२ मध्ये रशिया त्या न्यायालयाच्या कक्षेतूनच बाहेर पडला. आज एखाद्या रशियन आईला तेथे नवे गाऱ्हाणे मांडता येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलांचे मारेकरी अतिरेकीच होते, यात त्या आयांना कधीही शंका नव्हती. पकडलेल्या अतिरेक्याच्या खटल्यात, २००५ मे ते २००६ मे असे वर्षभर, त्या न्यायालयात बसल्या. सरकारला प्रश्न विचारला म्हणजे मारेकऱ्याची बाजू घेतली, असे त्यांना अनेकदा ऐकविले गेले. आपल्याकडेही अशी भाषा कानी पडते. २०१६ च्या स्मरणदिनी काही बायका पुतिन यांना दोष देणारी अक्षरे असलेले सदरे घालून व्यायामशाळेत उभ्या राहिल्या. त्यांना पोलिसांनी धरून नेले. आपल्याच मुलाच्या मरणाच्या जागेवरून.

ती व्यायामशाळा अजून आहे. छत नाही, भिंती जळक्या; वरून सोनेरी रंगाचे एक आवरण उभारले आहे. भिंतींवर मृतांची छायाचित्रे आणि मध्ये एक लाकडी क्रूस. येणारे लोक फुले आणतात, खेळणी आणतात आणि पाण्याच्या बाटल्या आणतात. बाटल्यांची झाकणे उघडून ठेवतात, मुलांना पिता यावे म्हणून. दर वर्षी ३ सप्टेंबरला स्फोटाच्या वेळी घंटा वाजते आणि जितके मेले तितके पांढरे फुगे आकाशात सोडले जातात. त्या आकड्यात आता कुणी चूक करत नाही. बेस्लानमध्ये शाळेचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत नाही; शोकाचे दिवस संपल्यावर सुरू होते. मुलांसाठी नव्या शाळा २००५ मध्येच उभ्या राहिल्या. त्या सुंदर आहेत. पहिली काही वर्षे त्यांत दार जोराने आपटले की मुले बाकाखाली जात.

राष्ट्राध्यक्ष पुतिन २००४ च्या ४ सप्टेंबरला पहाटे रुग्णालयात काही तास येऊन गेले होते. त्यानंतर ते बेस्लानला आले २० ऑगस्ट २०२४ रोजी, वीस वर्षे पुरी होण्यास थोडे दिवस उरले असताना. त्यांनी व्यायामशाळेत गुडघे टेकले, दफनभूमीत फुले वाहिली आणि ‘बेस्लानच्या माता’ समितीच्या बायकांना भेटले. त्या बायका आता साठीच्या पुढेमागे आहेत. एवढ्या वर्षांनी समोर आलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे त्यांनी आधी काय काढले असेल? तपास अजून पुरा झालेला नाही, तो पुरा करा, हेच.